मिरीसाठी कोणता पंप

सोमवारी सकाळी पावणेसातला मी वर्कशॉपचं कुलूप काढलं आणि शिंकलो. सलग चार वेळा. पाचवी येते-येते म्हणत नाकातच थांबून राहिली, आणि त्या थांबलेल्या शिंकेत मला ऐकू आलं की आत काहीतरी चालू आहे. बंद वर्कशॉपमध्ये सोमवारी सकाळी काही चालू असता कामा नये. शुक्रवारी मी स्वतः सगळं बंद केलं होतं. दर शुक्रवारी करतो. हवेची लाइन, पाण्याची लाइन, पंप तपासायच्या टेस्ट बेंचच्या दोन्ही बाजू. कोणी सांगितलेलं नसतं, तरी करतो, आणि मग पुन्हा एक चक्कर मारून बंद केलेलं बंदच आहे ना, ते बघतो. तिल्दे म्हणायची, तुझ्याशी लग्न करायचं म्हणजे मीटरशी लग्न करायचं. केलं नाही तिनं. ओडेन्समधल्या एका दातांच्या डॉक्टरशी केलं. तोही सगळं नीट बंद करत असणार, पण माणसांच्या तोंडात.

आवाज लोब पंपाचा होता. पंपांचे आवाज मी झोपेतही ओळखतो. झोपेत ओळखायला दुसरं काही नसतं हेही एक कारण. गिअर पंप रडक्या पोरासारखा एकाच सुरात गुणगुणतो. पात्यांचा पंप टिकटिकतो. स्क्रू पंप आजारी माणसासारखा स्वतःशी पुटपुटतो. आणि लोब पंप धप-धप, धप-धप करतो, दोन माणसं एकाच जिन्यावरून एकमेकांच्या मागोमाग उतरावीत तसा. आज मात्र त्या दोघांतला एक जण लंगडत होता. मध्येच खर्र असं काहीतरी घासत होतं. मी आवाजाच्या मागे गेलो. टेस्ट बेंचच्या कोपऱ्यात, न्हाणीघराच्या भिंतीला टेकून, लोणी-दही करणाऱ्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला आमचा जुना लोब पंप उभा होता. त्याच्या एका बाजूला झाकण लावलेलं निळं पिंप, दुसऱ्या बाजूला रबरी नळी, आणि नळी भिंतीतून थेट आमच्या शॉवरला. पंपाखाली काळपट थारोळं वाळून खपली झालेली. अंगाला हात लावला तर चटका बसला. मी बटण दाबलं. तो थांबला, आणि वर्कशॉप इतकं शांत झालं की पाचवी शिंकसुद्धा बिचकून परत गेली.

कोणी, कशासाठी, कधी, हे प्रश्न कोणाच्याही मनात आधी आले असते. मी आधी पाना शोधला. मी असा आहे. तिल्दे गेली त्या दिवशीसुद्धा मी स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलत होतो. ती दारात बॅग घेऊन उभी होती, म्हणाली, तू मला काही विचारणार आहेस की नाही? मी म्हटलं, बारा नंबरचा पाना दिसतोय का बघ. तिनं दिला. तिनं तो माझ्या हातात ठेवला, मग तिचे हात रिकामे झाले आणि बॅग उचलायला मोकळे झाले. पुढे पुष्कळ दिवस मला वाटायचं की मी पाना मागितला नसता तर एक हात तरी थोडा वेळ अडकून राहिला असता. पण हे यंत्रांच्या बाबतीत खरं आहे, माणसांच्या बाबतीत मला माहीत नाही.

झाकणाचे नट गरम होते. ते सोडवताना माझ्या डोक्यात शनिवार-रविवार फिरत होता, कारण दुसरं काही घडलेलंच नव्हतं. शुक्रवारी मी तीस वर्षांचा झालो. आमच्या देशात पंचविशीपर्यंत लग्न झालं नाही तर माणसावर दालचिनी टाकतात, तिशीपर्यंत झालं नाही तर मिरी. टाकतात म्हणजे चिमूटभर नाही. खांबाला बांधतात, पाण्यानं भिजवतात आणि पोत्यानं टाकतात. कोणी तक्रार करत नाही, कारण तक्रार ऐकायला येणाराही तेच करून आलेला असतो. माझ्या पंचविशीला पाच जण होते. स्टेशनजवळच्या दिव्याच्या खांबाला मला बांधलं होतं, आणि त्या पाचांतली सगळ्यात अचूक नेम असलेली मुलगी तिल्दे होती. तेव्हा मी तिला ओळखतही नव्हतो; कोणाची तरी मैत्रीण म्हणून आली होती. मग तिनंच मला धुतलं, आणि तीन आठवडे माझ्या कानांतून दालचिनी काढत राहिली. कानांतली संपली तोवर आम्ही एकत्र राहायला लागलो होतो. त्यामुळे मिरीची मला भीती वाटत होती असं मी सगळ्यांना सांगत होतो, आणि फेब्रुवारीपासून दिवस मोजत होतो.

शुक्रवारी मी मुद्दाम जुने कपडे घालून कामावर गेलो. फाटका स्वेटर, ज्यावर मिरी पडली तर वाईट वाटणार नाही असा. आणि मुद्दाम केक नेला नाही. ज्याचा वाढदिवस त्यानं सकाळी सगळ्यांसाठी केक नाहीतर गरम पाव घेऊन यायचे, टेबलावर छोटा झेंडा उभा करायचा, ही पद्धत. न नेणं म्हणजे वाढदिवस नाही म्हणून सांगणं. पण मला बघायचं होतं की केकशिवायही कोणाला आठवतं का. आमच्या वर्कशॉपमध्ये तिघंच: मी, फोरमन होल्गर, आणि टेस्ट बेंच व स्टोअर सांभाळणारी रिग्मोर. होल्गर त्रेसष्टचा, कानाला यंत्र, ते तो वर्कशॉपमध्ये काढून ठेवतो. रिग्मोर अठ्ठावन्नची, आणि तिला या शहरातल्या प्रत्येक माणसाचं वय आणि प्रत्येक सीलचा नंबर पाठ. दोघं कॉफीला आले. टेबलावर केक नव्हता. रिग्मोरनं टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग होल्गरकडे. "आज वारा फार आहे," ती म्हणाली. "वारा आहेच," होल्गर म्हणाला. संपलं. दीड वाजता, शुक्रवारी सुटायच्या वेळी, मी रोज आंघोळीला जातो तसा न्हाणीघरात गेलो, पण आंघोळ केली नाही. इथं कोणाला आठवत नाही म्हणजे घरी येतील, असं मला वाटलं. जुने मित्र, शेजारी, कोणीतरी. घरी वेळेवर असावं. जाकीट घेतलं, शॉवरच्या लाइनीवरचा लाल दांड्याचा व्हॉल्व्ह उघडा दिसला तो आडवा करून बंद केला, आणि मागच्या दारानं सायकल काढून निघालो.

शनिवारी मी पोहण्याचा चष्मा लावून बसलो. मिरी डोळ्यांत गेली तर दवाखान्यात जावं लागतं, आणि दवाखान्यात सोबत कोण आहे विचारतात. खालचं दार लोटलं की आपोआप बंद होतं, म्हणून त्यात माझा एक बूट अडकवून ठेवला, येणाऱ्यांना बेल वाजवावी लागू नये. अचानक येणाऱ्यांना बेल वाजवावी लागली तर अचानकपणा जातो. दुपारी आईचा फोन आला, ती म्हणाली, आवाज असा का येतोय? मी म्हटलं, चष्म्यानं नाक दाबलं जातंय. तिनं चष्म्याबद्दल विचारलं नाही. विचारायचं नाही, हे आमच्या घराण्यात वरून खाली येतं. संध्याकाळी दाराखालून एक चिठ्ठी आत आली. मी धावलो. त्यात लिहिलं होतं की कोणीतरी खालच्या दारात बूट अडकवून ठेवत आहे, जिन्यात थंडी येते, आणि हा बूट कोणाचा हे ठाऊक असल्यास कृपया कळवावे. मी एक बूट घालून खाली गेलो आणि दुसरा घेऊन आलो. रविवारी अंडं तळलं. त्यावर मिरीची कुपी फिरवली, एक, दोन, तीन. तीन फेऱ्यांची मिरी. तीस वर्षांची मिळालेली एवढीच, आणि तीही स्वतःच्या हातची.

झाकण निघालं आणि माझ्या तोंडावर वाफ आली. आत लापशी होती. काळी, शिजून घट्ट झालेली, चकाकणारी लापशी, आणि तिच्यात मोठे, भरड दळलेले कण. मी बोट बुडवून जिभेला लावलं. शहाणा माणूस पंपातलं काही चाखत नाही. मिरी होती. बटाट्याच्या पिठानं घट्ट केलेली मिरी. मी जमिनीवर बसलो.

लोब पंपाची गोष्ट अशी की त्यात दोन रोटर असतात, पाकळ्यांसारखे, एकमेकांत गुंतून फिरतात आणि कधीच एकमेकांना लागत नाहीत. गिअर पंपात एक चाक दुसऱ्याला दातांनी ढकलतं. सतत स्पर्श, सतत झीज, भांडकुदळ संसार. लोब पंपात तसं नाही. मागच्या बंद पेटीत, तेलात, वेगळे गिअर असतात, ते दोघांना ताल देतात. पुढे हे दोघं केसाएवढी फट ठेवून वर्षानुवर्षं फिरतात. म्हणून तर त्यातून अख्खी चेरी न चिरडता जाते. शिकाऊ असताना मला हे फार सुंदर वाटलं होतं. तिल्देला सांगितलंही होतं, जेवताना, दोन काटे घेऊन दाखवत: बघ, इतके जवळ, आणि लागत नाहीत. ती म्हणाली, मग ते जवळ आहेत हे त्यांना कळतं कसं? मी म्हटलं, फीलर गेजनं, फट मोजायच्या पट्टीनं. आता मी लापशी पुसली आणि टॉर्च मारला. दोन्ही रोटरांच्या कडांवर चकचकीत ओरखडे होते. पंप गरम झाला की धातू फुगतो, फट संपते. हे दोघं लागले होते. खर्र म्हणत होतं ते हे.

आणि गरम का झाला, हे मला तिथं बसल्या-बसल्या कळलं. साधा पंख्याचा पंप असता, पुढचा व्हॉल्व्ह बंद असता, तर तो जागच्या जागी पाणी घुसळत बसला असता, फारसं न बिघडता. हे फिरते मापाचे पंप तसे नसतात. यांचं एका फेऱ्याला एक माप, ते ढकलायचंच. पुढे दार बंद आहे हे यांच्या कानावर जात नाही. मग नळी फुटते, नाहीतर दांडा मोडतो. म्हणून झाकणात सेफ्टी व्हॉल्व्ह बसवलेला असतो, फार दाब झाला की तो उघडतो आणि पुढे गेलेला माल वळसा घालून परत मागे सोडतो. तोच माल, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. पुढचं दार मी बंद केलं होतं. लाल दांडा, आडवा. उघडा का आहे असं एका शब्दानं विचारलं नव्हतं. शुक्रवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत, मिनिटाला दोनशे फेरे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात हिशेब केला. सात लाख ऐंशी हजार. मी पोहण्याचा चष्मा लावून दाराकडे बघत होतो तेव्हा सात लाख ऐंशी हजार वेळा माझी मिरी माझ्याकडे निघाली होती आणि माझ्याच बंद केलेल्या दारावरून परत गेली होती.

सात वाजता रिग्मोर आली, पाठोपाठ होल्गर. मी उघड्या पंपासमोर जमिनीवर, बोटाला लापशी.

"बंद केला नाहीस तू," रिग्मोर होल्गरला म्हणाली.

"काय?"

"यंत्र घाल कानात. पंप, पंप. बंद केला नाहीस."

होल्गरनं यंत्र घातलं. "मला वाटलं तू केलास. तू स्विचजवळ होतीस."

"मी झेंडे धरून होते. दोन हातांत दोन. नाकानं बंद करू?"

मग दोघं माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "सील गेलंय. रोटर लागलेत." त्या वेळी सुचलेलं हे सगळ्यात मोठं वाक्य.

"बोलला," रिग्मोर म्हणाली. "अरे शहाण्या, दहा मिनिटं आम्ही बाहेर उभे होतो. तू शॉवरमध्ये, पंप चालू, आणि आतून हूं की चूं नाही. होल्गर म्हणाला, एस्किल आहे तो, सहन करत असेल."

"मला वाटलं खरंच," होल्गर म्हणाला. "मनात म्हटलं, काय पोरगं आहे. पाच किलो मिरी, आणि आवाज नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

"ते मिरीनं आलं."

"थोडं मिरीनं." तो स्टुलावर बसला. "मग दार उघडलं तर कोणी नाही. सायकलही नाही. आम्हाला वाटलं तुला आधीच कळलं आणि राग आला. सकाळी केकही आणला नव्हतास. जो केक आणत नाही त्याला नको असतं. कळतं की माणसाला."

"फोन करायचास ना," मी म्हटलं. म्हटल्यावर माझं मलाच विचित्र वाटलं, दुसऱ्याच्या तोंडात आलेलं वाक्य माझ्या तोंडून निघाल्यासारखं.

"करून म्हणू काय? ये बाबा, तुझ्यावर मिरी टाकायची राहिली आहे?" होल्गरनं टोपी काढली, पुन्हा घातली. "शनिवारी तुझ्या घरापाशी गेलो होतो मी. खालच्या दारात बूट अडकवलेला. म्हटलं, आत पाहुणे आहेत, गर्दी आहे, कशाला मध्ये जा."

बूट माझाच होता, असं म्हणता आलं असतं. मी बोटाची मिरी फडक्याला पुसली.

रिग्मोर पिंपाचं झाकण काढून आत बघत होती. "वीस लिटर तसंच आहे हे. नासलं नाही. टाकून द्यायचं म्हणजे..." तिनं वाक्य तसंच ठेवलं. वर्कशॉपमध्ये तिघं आणि एक पिंप. बाहेर फियोर्डच्या खाडीवरून वारा पत्र्याला लागत होता. आता मी काहीतरी म्हणायला हवं होतं, हे मला यंत्र ऐकतो तितकं स्पष्ट ऐकू येत होतं. कोणी पाना देणार नव्हतं. मी म्हटलं, "मुळात पंपच चुकला तुमचा."

"काय चुकलं?" होल्गर चवताळला. चाळीस वर्षांत त्याचा पंप चुकला असं कोणी म्हटलेलं नाही. "घट्ट माल, मोठे कण, हळुवार काम. लोबच."

"हळुवार कशाला? चेरी आहे का ती? भरड मिरी म्हणजे वाळू. केसाएवढ्या फटीत वाळू घातलीस तर फट उरेल का?"

"मग काय, गिअर?"

"गिअर तर दोन मिनिटांत दात पाडून घेईल. त्याला तेलासारखं स्वच्छ काहीतरी लागतं."

"पात्यांचा," रिग्मोर म्हणाली. "पाती झिजली तरी पुढे सरकतात आणि भिंतीला धरून राहतात. मला आवडतो तो."

"तुला आवडतो म्हणून मिरी ऐकणार आहे का? पात्यांच्या खाचांत कण बसले की पाती आतच अडकायची, बाहेरच यायची नाहीत." मी उठून उभा राहिलो होतो. कधी, ते कळलं नाही. "स्क्रू लागतो याला. एकच दांडा, रबराच्या आवरणात पिळत जाणारा. गाळ, वाळू, काय वाटेल ते गिळतो. मिरीचे कण रबरात दबतात आणि पुढे सुटतात."

"आणि कोरडा चालला तर मिनिटात रबर जळतं," होल्गर म्हणाला, पण आवाज उतरला होता. स्क्रूच बरोबर होता हे त्याला कळलं होतं.

"म्हणून आधी भरून घ्यायचा." इथं मी थांबलो. पुढचं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं आणि पुढचं दार बंद होतं, आणि माझ्यातला जो सेफ्टी व्हॉल्व्ह नेहमी अशा वेळी उघडतो तो उघडायला लागला होता: सगळं वळसा घालून परत आत. मी लाल दांड्याकडे बघितलं. "माझ्यावर टाकाल का?" मी म्हटलं. "आज. म्हणजे वेळ असेल तर. कॉफीच्या सुट्टीत."

रिग्मोरनं माझ्याकडे असं बघितलं की जणू तिला एखादा सीलचा नंबर पहिल्यांदाच आठवला नाही. मग ती म्हणाली, "केक कुठाय?"

"आणतो."

"बेकरी आठला उघडते. मोठा आण. बदाम असलेला. आणि वीतभर लांब नको, हातभर."

साडेनऊला टेबलावर हातभर केक होता आणि त्याच्या दोन बाजूंना शुक्रवारचे झेंडे, जरा चुरगळलेले. स्क्रू पंप मी स्वतःच जोडला. मिरी ज्याच्यावर टाकायची त्यानंच पंप जोडावा का यावर थोडा वाद झाला, पण कपलिंगचं काम माझ्याइतकं नीट कोणाला जमत नाही हे दोघांनी मान्य केलं. होल्गरनं पंपात आधी दोन मगभर लापशी ओतली, कोरडा राहू नये म्हणून, एखाद्या आजाऱ्याला पाजावी तशी. मी फाटका स्वेटर घातला, पोहण्याचा चष्मा लावला आणि शॉवरखाली जाऊन उभा राहिलो. फरशी गार होती. लाल दांडा हाताच्या अंतरावर होता. तो मी सरळ केला. शुक्रवारी तो फिरवायला जितकी ताकद लागली होती तितकीच आत्ताही लागली. मला उगाच वाटलं होतं, जास्त लागेल.

"एस्किल," भिंतीपलीकडून होल्गर ओरडला, "चालू करू?"

"कर."

"काय?"

"चालू कर."

पंप पुटपुटायला लागला. मिनिटाला वीस फेरे, त्याहून जास्त नाही, अशी मीच अट घातली होती. नळी सहा मीटर, रिकामी. एका फेऱ्याला एक माप. मी आधीच काढून ठेवलं होतं की अकरा फेऱ्यांनंतर माल डोक्यावर येईल. मी चष्म्याच्या आत डोळे मिटून मोजायला लागलो. तिसऱ्या फेऱ्याला शॉवरच्या तोंडातून नुसती हवा आली, मिरीच्या वासाची, आणि थांबलेली पाचवी शिंक हलली. सहाव्याला मला वाटलं, कदाचित गणित चुकलं. आठव्याला वाटलं, दोघं कॉफीला गेले असतील, प्रत्येकाला वाटत असेल दुसरा उभा आहे. भिंतीपलीकडे शांतता होती. नवव्याला मला तिल्देचे हात आठवले, माझ्या कानाशी, कापसाची काडी घेऊन, ती म्हणत होती, हलू नकोस. मी हललो नाही. दहाव्या फेऱ्याला रिग्मोर गायला लागली, वाढदिवसाचं गाणं, तेच जे लहान मुलांसाठी म्हणतात, सूर सोडून, आणि अर्ध्या ओळीवर होल्गर तिच्यात सामील झाला, त्याहून वाईट सुरात, कारण यंत्र त्यानं पुन्हा काढून ठेवलं असणार. अकराव्याला टाळूवर एक गार, जड गोळा पडला, थांबला, आणि मग हळूहळू, कानांमागून, मानेवरून, स्वेटरच्या आत उतरायला लागला. दुसरा पडला. तिसरा. प्रत्येक फेऱ्याला एक, अगदी मापात.

गाणं थांबलं.

"पोचलं का?" होल्गरनं विचारलं.

"पोचलं," मी म्हटलं, आणि शिंकलो.